सर्पदंशावरील लस आणि तिची ‘रिअॅक्शन’

रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्याची चाहूल लागली की शेतकरी जशी भाताच्या पेरणीची तयारी करतो, तशीच ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशावरील औषधाच्या साठ्याची पाहणी सुरू होते. जांभ्या दगडाचे सडे, चिऱ्यांचे गडगे, आंबा-काजूच्या बागांतील पालापाचोळा आणि घराशेजारी रचलेली लाकडे ही सापांना सोयीची ठिकाणे. त्यातही फुरसे हा लहानखुरा, करड्या-तपकिरी रंगाचा साप कोकणच्या या पट्ट्यात पूर्वापार विपुल आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारून आणणाऱ्यास सरकारकडून बक्षीस दिले जात असे, यावरून त्यांच्या संख्येची आणि लोकांच्या मनातील धास्तीची कल्पना यावी.

विषारी सर्पाच्या दंशावर सिद्ध झालेले औषध एकच आहे. लोक त्याला ‘सापाची लस’ म्हणतात. मात्र याच औषधाविषयी दुसरी एक धास्ती रुग्णांच्या नातेवाइकांत आणि काही अंशी लहान रुग्णालयांतील डॉक्टरांतही आढळते. ती म्हणजे ‘रिअॅक्शन’ची. लस चढवताना रुग्णाला थंडी वाजते, अंगावर गांधी उठतात, क्वचित श्वास कोंडतो व रक्तदाब कोसळतो. अशा प्रसंगाच्या आठवणीने किंवा ऐकीव माहितीने ‘येथे नको, मोठ्या दवाखान्यात न्या’ असा निर्णय घेतला जातो आणि त्या प्रवासात मोलाचे तास निघून जातात. औषधाचा दुष्परिणाम किती खरा, तो ओळखायचा कसा, आणि त्याच्या भीतीने औषधच टाळणे किती घातक, हे समजून घेण्यासाठी सर्पदंशावरील लशीइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

दुष्परिणाम, चूक आणि सदोष औषध

औषधाने अपाय झाला असे आपण सरसकट म्हणतो, तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली गोष्ट म्हणजे औषधाची प्रतिकूल प्रतिक्रिया. औषध योग्य, मात्रा योग्य, देण्याची पद्धतही योग्य, तरीही शरीराने दिलेला अनपेक्षित व अपायकारक प्रतिसाद, असा तिचा अर्थ आहे. दुसरी गोष्ट म्हणजे औषध देण्यातील चूक : चुकीचे औषध, चुकीची मात्रा, चुकीचा रुग्ण किंवा चुकीचा मार्ग. तिसरी गोष्ट म्हणजे मुळातच भेसळयुक्त वा निकृष्ट औषध.

तिसऱ्या प्रकारचे महाराष्ट्रातील सर्वांत दुःखद उदाहरण १९८६ सालचे आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्या वर्षाच्या सुरुवातीला ग्लिसरीन दिलेल्या १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे औद्योगिक रसायन आढळले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. तेथे दोष औषधाच्या गुणधर्माचा नव्हता, ते औषध रुग्णापर्यंत पोहोचू देणाऱ्या व्यवस्थेचा होता.

हा भेद पुस्तकी नाही. प्रत्येक प्रकाराचा उपाय वेगळा आहे. भेसळ रोखण्यासाठी तपासणी लागते, चूक टाळण्यासाठी पडताळणी लागते, आणि प्रतिकूल प्रतिक्रियेसाठी पूर्वतयारी व देखरेख लागते. सर्पदंशावरील लशीची ‘रिअॅक्शन’ बहुतांशी या शेवटच्या प्रकारात मोडते. ती टाळता आली नाही तरी सांभाळता येते.

घोड्याच्या रक्तातून येणारे औषध

रूढ अर्थाने ही लस नव्हेच. लस आजार होण्यापूर्वी टोचतात आणि तिच्यामुळे शरीर स्वतः प्रतिकारद्रव्ये तयार करते. सर्पदंशावरील औषधात मात्र तयार प्रतिकारद्रव्येच असतात. म्हणून त्याला प्रतिविष म्हणणे अधिक योग्य. घोड्यांना सर्पविषाच्या अल्प, क्रमाने वाढवत नेलेल्या मात्रा टोचल्या जातात. घोड्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिकारद्रव्ये तयार होतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून कुप्यांत भरतात. ही पद्धत १८९० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांच्या कामातून रूढ झाली आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. महाराष्ट्रात हे उत्पादन मुंबईच्या हाफकिन परंपरेशी जोडलेले आहे. राज्य शासनाच्या मालकीचे हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ १९७५ साली स्थापन झाले.

भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. त्याची एक कुपी दहा मिलिलिटरची असते. विषबाधेची लक्षणे दिसू लागलेल्या रुग्णाला साधारण आठ ते दहा कुप्या सलाइनमध्ये मिसळून सुमारे तासाभरात शिरेवाटे देतात. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते, कारण साप दंश करताना समोरच्याचे वजन पाहून विष सोडत नाही. गरोदर स्त्रीलाही विषबाधा झाली असल्यास हे औषध नाकारले जात नाही.

येथेच प्रतिक्रियेचे मूळ आहे. दहा कुप्या म्हणजे शंभर मिलिलिटर औषध, आणि त्यातील प्रथिने मानवी शरीराला पूर्णतः परकी. ती एकदम रक्तात शिरली की काही रुग्णांचे शरीर त्यांना शत्रू समजून प्रतिसाद देते. विष निष्प्रभ करण्याचे काम चालू असतानाच दुसरीकडे ही प्रतिक्रिया सुरू होऊ शकते.

प्रतिक्रियेचे तीन प्रकार

प्रतिविषाची प्रतिक्रिया तीन प्रकारची असते आणि तिची वेळ सहसा तिचा प्रकार सांगते.

पहिली तात्काळ प्रतिक्रिया. औषध सुरू केल्यापासून दहा मिनिटे ते तीन तासांच्या आत ती दिसते. सुरुवात पुष्कळदा खाज, अंगावर गांधी, खोकला, मळमळ, पोटात कळ किंवा एकाएकी वाटणारी अस्वस्थता यांनी होते. थोड्यांत ती पुढे जाऊन ओठ-जीभ सुजणे, छातीत घरघर, रक्तदाब घसरणे असे जिवावरचे रूप घेते.

दुसरी ज्वराची प्रतिक्रिया. साधारण तासा-दोन तासांत हुडहुडी भरते, दात वाजतात, ताप चढतो. हिचे कारण बहुधा निर्मितीच्या वेळी औषधात राहिलेले जिवाणूजन्य अंश असतात. म्हणून अशी थंडी एकाच बॅचच्या अनेक रुग्णांना वाजली तर तो त्या बॅचविषयीचा इशारा मानावा लागतो.

तिसरी उशिरा येणारी प्रतिक्रिया. हिला सीरम सिकनेस म्हणतात. एक ते बारा दिवसांनी, सरासरीने आठवड्याने ती येते. ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ, गाठी सुजणे ही तिची लक्षणे. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. ताप आला म्हणून तो दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो आणि आठवड्यापूर्वी आपल्याला साप चावला होता, लस दिली होती, हे सांगायचेही विसरतो. कोकणात पावसाळ्यातील तापाला मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस अशी अनेक कारणे असतात. त्या गर्दीत सीरम सिकनेस ओळखू न येण्याचा धोका मोठा आहे. म्हणूनच घरी सोडताना रुग्णाला या शक्यतेची समज देणे हा उपचाराचाच भाग आहे.

‘टेस्ट डोस’चा जुना प्रघात

इंजेक्शनापूर्वी कातडीत थेंबभर औषध टोचून पाहण्याची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. प्रतिविषाबाबतही पूर्वी असेच करत. आता जागतिक आरोग्य संघटनेची तसेच भारतातील उपचार-मार्गदर्शक तत्त्वे या चाचणीची शिफारस करत नाहीत. प्रतिविषाची तात्काळ प्रतिक्रिया ही बहुतेक वेळा नेहमीच्या अॅलर्जीच्या वाटेने येत नाही. परक्या प्रथिनांचा मोठा भार एकदम रक्तात गेल्याने शरीरातील संरक्षक साखळी थेट जागी होते. कातडीवरील चाचणी त्याचा अंदाज देऊ शकत नाही. चाचणी ‘निगेटिव्ह’ आलेल्या रुग्णाला गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते आणि ‘पॉझिटिव्ह’ आलेला रुग्ण निर्धोकपणे लस घेऊ शकतो. शिवाय त्यात वेळ जातो, आणि चाचणीने खोटा दिलासा मिळाला की लक्ष ढिले पडते. चाचणी न केल्याबद्दल डॉक्टरांशी वाद घालणाऱ्या नातेवाइकांनी हे समजून घेणे आवश्यक आहे.

मग उपाय काय? उपाय आहे अॅड्रेनॅलिन. हे स्वस्त, जुने आणि सहज मिळणारे औषध तात्काळ प्रतिक्रियेवरील पहिले अस्त्र आहे. प्रतिक्रियेचे पहिले चिन्ह दिसताच प्रतिविष थांबवावयाचे, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम अॅड्रेनॅलिन मांडीच्या स्नायूत द्यावयाचे, रुग्णाला आडवे ठेवायचे, प्राणवायू व सलाइन सुरू करायचे, आणि गरज पडल्यास काही मिनिटांनी अॅड्रेनॅलिन पुन्हा द्यायचे. अॅलर्जीची इतर इंजेक्शने व स्टेरॉइड नंतरच्या टप्प्यात येतात, ती अॅड्रेनॅलिनची जागा घेऊ शकत नाहीत.

याचा सबळ पुरावा शेजारच्या श्रीलंकेतून आला. तेथेही भारतात तयार होणारेच प्रतिविष वापरतात. सर्पदंशाच्या १००७ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे ७५ टक्के रुग्णांना कोणती ना कोणती तात्काळ प्रतिक्रिया आली. लस देण्याआधी अल्प मात्रेत अॅड्रेनॅलिन दिलेल्या रुग्णांत पहिल्या तासातील गंभीर प्रतिक्रियांचे प्रमाण ४३ टक्क्यांनी घटले. लशीआधी सर्रास दिली जाणारी हायड्रोकॉर्टिसोन व प्रोमेथॅझिन ही इंजेक्शने मात्र अशी घट दाखवू शकली नाहीत. नेहमीची सवय आणि सिद्ध झालेला उपाय यांत किती अंतर असू शकते, हे यातून दिसले.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र प्रतिक्रिया आटोक्यात आल्यानंतरची आहे. रुग्ण सावरला की प्रतिविष पुन्हा, संथ गतीने, सुरू करायचे असते. ‘याला लस सोसत नाही’ असे म्हणून ती कायमची बंद केली, तर प्रतिक्रियेतून वाचलेला रुग्ण विषाने दगावू शकतो.

लस कोणाला नको

प्रतिक्रियेचा धोका खरा असल्यामुळेच हे औषध गरज नसताना देणेही तितकेच चूक आहे. साप चावला म्हणजे विष गेलेच, असे नाही. धामण, दिवड, कवड्या हे बिनविषारी साप घराच्या आसपासच असतात. विषारी साप चावूनही पुष्कळदा विष सोडले जात नाही. अशा रुग्णाला केवळ घरच्यांच्या आग्रहाखातर लस दिली, तर त्याच्या वाट्याला लाभ काहीच येत नाही, धोका तेवढा येतो.

कोकण आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. येथील बांबूच्या बेटांत व दाट झाडीत चापडा हा हिरवट रंगाचा विषारी साप आढळतो. त्याचे विष भारतीय प्रतिविषाच्या चार सापांत मोडत नाही आणि त्या दंशावर ही लस गुणकारी नाही. तेथे सूज, वेदना व रक्तस्राव यांवर लक्ष ठेवून उपचार करावे लागतात. म्हणून साप कोणता होता याचे वर्णन, शक्य असल्यास सुरक्षित अंतरावरून काढलेले मोबाइलमधील छायाचित्र, डॉक्टरांना उपयोगी पडते. साप पकडण्याच्या किंवा मारण्याच्या नादात मात्र दुसरा दंश ओढवून घेऊ नये.

विष भिनले की नाही, हे ठरवण्यासाठी महागडी यंत्रणा लागतेच असे नाही. फुरसे व घोणस यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. त्यासाठी एक साधी चाचणी आहे. रुग्णाच्या शिरेतील दोन मिलिलिटर रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. त्यानंतर नळी कलती केली असता रक्त गोठलेले नसेल, तर विषबाधा झाली आहे असे समजायचे. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरली तर निष्कर्ष चुकतो. ही चाचणी ठरावीक वेळाने पुन्हा करतात, कारण फुरशाचे विष काही वेळा उशिरा परिणाम दाखवते. हिरड्यांतून रक्त येणे, लघवी लाल होणे ही लक्षणे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही उमटू शकतात. नाग व मण्यार यांच्या दंशात रक्त गोठते. तेथे पापण्या जड होणे, दोन-दोन दिसणे, गिळता न येणे, श्वास मंदावणे या खुणा पाहाव्या लागतात.

विंचवाने दिलेला धडा

कोणते औषध द्यावे इतकेच कोणते देऊ नये हेही महत्त्वाचे असते, हा धडा कोकणाने साऱ्या जगाला दिला आहे. तो लाल विंचवाच्या निमित्ताने. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. विंचूदंशाने धडधाकट माणसे व लहान मुले काही तासांत घामाघूम होऊन, हातपाय गार पडून, फुप्फुसांत पाणी भरून दगावत. त्या काळी अशा रुग्णाला अॅट्रोपिन, स्टेरॉइड, गुंगीच्या औषधांचे मिश्रण असे अनेक उपचार केले जात. त्यांतील काही निरुपयोगी होते, तर अॅट्रोपिनसारखे काही आधीच ताण सोसणाऱ्या हृदयावर आणखी भार टाकणारे होते.

डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांच्या बारकाईने नोंदी केल्या. त्यांचे निरीक्षण १९८२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विंचवाचे विष शरीरातील रक्तवाहिन्या आवळणाऱ्या द्रव्यांचा पूर आणते, हे ध्यानात घेऊन त्यांनी प्रॅझोसिन ही रक्तदाबावरील साधी गोळी वापरली. त्याविषयीचे त्यांचे लेखन १९८६ साली त्याच नियतकालिकात आले. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० ते ४० टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आले. पुढे ७० रुग्णांवरील त्यांच्या चाचणीत केवळ प्रॅझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर त्यासोबत विंचवाचे प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२. ही चाचणी २०११ च्या सुरुवातीला ‘बीएमजे’मध्ये प्रसिद्ध झाली. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली.

परंतु या तारक गोळीलाही तिचा दुष्परिणाम आहेच. प्रॅझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर रुग्ण उठून बसला किंवा उभा राहिला तर रक्तदाब एकदम घसरून तो कोसळू शकतो. म्हणून रुग्णाला आडवेच ठेवतात. रडणाऱ्या मुलाला आईने उचलून खांद्यावर घेणे ही अगदी स्वाभाविक गोष्ट, पण गोळी दिल्यानंतर तीच घातक ठरू शकते. ही एक सूचना आईला वेळेवर सांगितली की धोका टळतो. औषधसुरक्षेचा बराचसा भाग अशा साध्या, वेळेवर सांगितलेल्या गोष्टींत सामावलेला असतो.

घरातील गोळ्यांचे महत्त्व

सर्पदंश झालेला माणूस पुष्कळदा आधीच कशाची ना कशाची औषधे घेत असतो. हृदयविकारासाठी अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी इतर गोळी चालू असेल, तर फुरशाच्या दंशात रक्तस्रावाचा धोका वाढतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल, तर प्रतिक्रियेच्या वेळी अॅड्रेनॅलिनचा गुण अपुरा पडू शकतो. दमा असलेल्या, किंवा पूर्वी घोड्यापासून बनवलेले प्रतिविष वा श्वानदंशावरील सीरम घेतलेल्या रुग्णाबाबत अधिक सावध राहावे लागते. म्हणून रुग्णासोबत त्याच्या गोळ्यांची पाकिटे व जुने केसपेपर नेणे ही लहान वाटणारी बाब निर्णायक ठरू शकते.

वेदना शमवण्यासाठी घरात पडलेली कोणतीही गोळी देणे टाळावे. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गटातील वेदनाशामके रक्तस्राव वाढवतात आणि मूत्रपिंडांनाही अपाय करू शकतात. घोणसाच्या विषाने मूत्रपिंडे आधीच धोक्यात आलेली असतात. वेदनेसाठी पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित असते, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. रक्त गोठत नसलेल्या रुग्णाला स्नायूत इंजेक्शन दिल्यास आत रक्त साचते. म्हणून धनुर्वाताचे इंजेक्शन रक्ताची स्थिती सुधारेपर्यंत लांबवतात. जीव वाचवणारे अॅड्रेनॅलिन हा याला अपवाद. जखमेवर झाडपाल्याचा लेप, चीर देणे, विष चोखणे, दोरीने करकचून बांधणे या गोष्टींनी विष उतरत नाही, नवी इजा मात्र होते.

कुपी, शीतपेटी आणि बॅच क्रमांक

प्रतिविष द्रवरूपात असेल तर ते दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते. भुकटीच्या रूपातील औषध थंड व अंधाऱ्या जागी टिकते आणि देतेवेळी त्यात पाणी मिसळतात. कुपी जोरजोरात न हलवता हळुवार फिरवून भुकटी विरघळवायची असते, कारण फेस आल्यास प्रथिने बिघडतात. कोकणासारख्या प्रदेशात या तपशिलाला विशेष अर्थ आहे. जून २०२० मधील ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली व मंडणगड भागातील वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाला होता, तर २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण शहर पाण्याखाली गेले. सर्पदंशाचा हंगाम आणि वीज जाण्याचा हंगाम येथे एकच असतो. म्हणून भुकटीरूप औषधाचा साठा व त्याच्या तापमानाची नोंद ही केवळ कार्यालयीन औपचारिकता नव्हे.

दिलेल्या प्रत्येक कुपीचा बॅच क्रमांक व वापराची अंतिम तारीख केसपेपरवर उतरवली जाणे तितकेच आवश्यक आहे. एखाद्या बॅचमुळे अनेकांना हुडहुडी भरली किंवा नेहमीपेक्षा फार अधिक कुप्या लागल्या, तर त्या क्रमांकावाचून कोणताही शोध पुढे सरकू शकत नाही.

नोंद कोठे करावी

जगात औषधांच्या दुष्परिणामांची पद्धतशीर नोंद सुरू झाली ती थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेनंतर. गरोदर स्त्रियांनी घेतलेल्या या गोळीमुळे हजारो बालके हातापायांच्या व्यंगासह जन्मली आणि १९६१ साली ती बाजारातून काढून घेण्यास सुरुवात झाली. त्यानंतर १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय औषधनिरीक्षण कार्यक्रम सुरू केला. भारत त्यात १९९८ साली सहभागी झाला. देशाचा सध्याचा राष्ट्रीय औषधनिरीक्षण कार्यक्रम जुलै २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचा समन्वय पाहतो.

संशयित दुष्परिणामाची माहिती डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेता यांच्याप्रमाणेच रुग्ण वा त्याचे नातेवाईकही कळवू शकतात. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. औषध कोणते, कधी दिले, काय झाले, केव्हा झाले, रुग्णाचे वय आणि कळवणाऱ्याचा संपर्क, इतकी माहिती मुख्यत्वे लागते. औषधामुळेच हे घडले असे सिद्ध करण्याची जबाबदारी कळवणाऱ्यावर नसते. संशय पुरेसा असतो. रुग्णाची ओळख गोपनीय ठेवली जाते. अशी नोंद म्हणजे डॉक्टरविरुद्धची तक्रार नव्हे आणि चुकीची कबुलीही नव्हे. हा गैरसमज दूर झाला नाही तर खेड्यातील अनुभव खेड्यातच राहतो आणि औषध सुधारण्याची संधी हुकते.

रत्नागिरीत जिल्हा रुग्णालयाशी संलग्न शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ साली सुरू झाले. चिपळूण तालुक्यातील डेरवण येथेही वैद्यकीय महाविद्यालय आहे. कामथे, कळंबणी व दापोली येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. फुरशाच्या या प्रदेशात प्रतिविषाच्या प्रतिक्रियांची सातत्याने नोंद झाली, तर तिचा उपयोग जिल्ह्यापुरता मर्यादित राहणार नाही. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक मृत्युमुखी पडल्याचा संशोधकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्याच वर्षाच्या अखेरीस सर्पदंशाची नोंद बंधनकारक करावी, असे केंद्राने राज्यांना सुचवले. दंशाची नोंद होऊ लागली, तर औषधाच्या प्रतिक्रियेची नोंदही तिच्या जोडीने व्हावयास हवी.

नातेवाइकांनी लक्षात ठेवावे असे

* दंश झालेल्या व्यक्तीला धीर द्यावा, चालू देऊ नये, हात-पाय हलू न देता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने लस व डॉक्टर असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्यावे.
* अंगठ्या, बांगड्या, पैंजण, घड्याळ सूज येण्यापूर्वीच काढावे.
* दंशाची वेळ लिहून ठेवावी. चालू असलेल्या गोळ्या, दमा, अॅलर्जी, गरोदरपण, पूर्वी घेतलेले प्रतिविष याची माहिती न विचारताही डॉक्टरांना द्यावी.
* लस चालू असताना रुग्णाजवळ थांबावे. खाज, गांधी, खोकला, उलटी, थंडी, घसा आवळल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही दिसताच परिचारिकेला हाक मारावी.
* प्रतिक्रिया आली म्हणून लस पुन्हा सुरू करण्यास विरोध करू नये.
* घरी जाताना प्रतिक्रियेचा उल्लेख असलेला कागद मागून घ्यावा व जपून ठेवावा. पुढील दोन आठवड्यांत ताप, पुरळ वा सांधेदुखी झाल्यास तो दाखवावा.

सर्पदंशावरील लस निर्धोक नाही. ती निर्धोक आहे असे सांगून रुग्णाचे हित साधत नाही आणि ती धोक्याची आहे असे सांगून तर मुळीच साधत नाही. विषबाधा झालेल्या माणसाला लस न मिळाल्यास होणारी हानी ही तिच्या प्रतिक्रियेपेक्षा कितीतरी मोठी असते. खाटेशेजारी भरून ठेवलेले अॅड्रेनॅलिन, पहिला तास रुग्णावरून न हटणारी नजर आणि केसपेपरवरील दोन स्पष्ट ओळी एवढी तयारी असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे औषध आपले काम करू शकते. ज्या गावातून जिल्ह्याचे ठिकाण दोन तासांवर आहे, तेथे या तयारीवरच रुग्णाचे जगणे अवलंबून असते.